वाक्यामधलं विमान

आमच्याकडे बोलता बोलता मध्येच थांबायची पद्धत आहे. घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं घर. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. धावपट्टी इथून दोन-अडीच किलोमीटर. इथवर येईतो विमान इतकं खाली आलेलं असतं की त्याची चाकं दिसतात, पोटाखालचे दिवे दिसतात. मग आई "आमटीत मीठ" एवढं बोलून थांबते. विमान जातं. "घातलंय का बघ," ती म्हणते. मधल्या आठ-दहा सेकंदांत कुणी बोलत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. पाहुणे मात्र गोंधळतात. आवाज चढवून वाक्य पुढे रेटतात, मग त्यांच्या लक्षात येतं की समोरचं कुणी ऐकत नाहीये, सगळे नुसते वाट बघताहेत. दोन दिवस राहिले की तेही थांबायला शिकतात.

त्या थांबलेल्या वेळात आई कढईकडे बघते, बायको मोबाइलकडे. मी वर बघतो. ही सवय मला दादाने लावली. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आम्ही एकाच चाळीत वाढलो. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मामांची, नोकरी इंडियन एअरलाइन्सच्या वर्कशॉपमध्ये. दादा मला चाळीच्या गच्चीवर न्यायचा आणि सांगायचा, "तोंडाकडे बघू नकोस. तोंडं सगळ्यांची सारखीच. शेपूट बघ." शेपटीवर कंपनीचं नाव नसे, फक्त रंग आणि खूण असे. त्यावरून विमान कुणाचं ते ओळखायचं. ओळखलं की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ.

ऐंशीच्या दशकात ही वही फार सोपी होती. आपल्या देशातले मोठे भिडू दोनच. नारिंगी शेपटीचं इंडियन एअरलाइन्स, आणि खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं एअर इंडियाचं जम्बो. त्या झरोक्यांमुळे मला ते विमान राजवाड्याचा उडणारा तुकडाच वाटायचं. वायुदूतही होतं १९८१ पासून, पण आमच्या गच्चीवरून ते क्वचितच दिसे. दोन मुख्य रंग, दोन रांगा, रेघांचे गठ्ठे. आकाश हे सरकारचं खातं आहे, रेल्वेसारखं, पोस्टासारखं, एवढीच आमची समजूत होती आणि ती खरीच होती. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा देशांतर्गत उड्डाणांसाठी आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया. ही नावं मी खूप पुढे वाचली. वाचताना मनात आलं, त्या वेळी कुठल्या तरी गच्चीवर कुणी तरी मुलगा यांच्याही शेपट्या ओळखत असणार, आणि एका वर्षात त्याच्या वहीतल्या आठ रांगांची एक रांग झाली असणार.

मामांच्या नोकरीचं आमच्या कुटुंबात मोठं अप्रूप होतं. "एअरलाइन्सला आहे" एवढं म्हटलं की लग्नाच्या बैठकीत पुढचं काही विचारत नसत. विमानतळावर काम करणारी माणसं मुलुंडला, बोरिवलीला, डोंबिवलीला विखुरलेली. पहाटे तीनला पिकअपची गाडी गल्लीच्या तोंडाशी येई. हॉर्न वाजवायचा नाही असा अलिखित नियम होता, म्हणून ड्रायव्हर दिवे दोनदा मिचकावायचा. मामी तोवर डबा भरून दारात उभी. आमच्या चाळीत त्या गाडीच्या दिव्यांवर लोक घड्याळ लावत, असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. एअर इंडियाची कबड्डीची टीम उपनगरांतल्या स्पर्धांना यायची. मैदानावर मातीचा वास, पेट्रोमॅक्स जाऊन नुकतेच आलेले हॅलोजन, आणि लाउडस्पीकरवरून "एअर इंडिया" असा पुकारा. समोर महिंद्र किंवा भारत पेट्रोलियम. चढाई करणाऱ्याच्या बनियनवर ती अक्षरं बघताना मला वाटायचं, हे नाव आकाशातही आहे आणि इथे मातीत गुडघे फोडून घेतानाही आहे. एखाद्या कंपनीचं नाव लोकांच्या जिभेवर कसं बसतं, याचा विचार करताना मला अजूनही ते मैदान आठवतं. जाहिराती नंतर आठवतात.

मामांच्या घरात विमानातल्या लहान लहान वस्तू होत्या. खूण कोरलेला स्टीलचा चमचा, एअर इंडियाच्या महाराजाच्या चित्राचे पत्ते. तो मिशीवाला, लवून उभा असलेला महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईतच घडवला, हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत असायला. आमच्या लेखी तो पत्त्यांतला पाचवा राजा होता. उड्डाणाआधी ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरवत. मामा एकदा स्टाफच्या तिकिटावर मामीला घेऊन दिल्लीला गेले, तेव्हा मामीने तो कापूस वापरला नाही. जपून घरी आणला आणि देवासमोरच्या वाती त्याच्या केल्या. स्टाफचं तिकीट म्हणजे सीट रिकामी असली तर बसायचं, नसली तर बॅग उचलून घरी यायचं. चाळीतून वाजतगाजत निरोप घेऊन गेलेले मामा-मामी संध्याकाळी परत आलेलेही मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. त्या परत येण्यात कुणालाही कमीपणा वाटला नाही.

मग १९९२ उजाडलं आणि वहीला नवी पानं लागली. आधी ईस्ट-वेस्ट. नंतरच्या वर्षी दमानिया, मोदीलुफ्त, जेट. मग सहारा. दादा विशीतला. त्याला त्या सगळ्या नावांनी झपाटून टाकलं होतं. त्याला हवं असलेलं आयुष्य त्या शेपट्यांना जोडलेलं होतं आणि ते रोज आमच्या कौलांवरून जात होतं. शेवटी त्यातल्याच एका कंपनीत तो लागला. नाव लिहीत नाही. त्यानंतर त्याने आणखी दोन कंपन्यांत काम केलं. तिन्ही आज नाहीत. त्याच्या गळ्यात आलेली तीन आयकार्डं त्याच्या कपाटाच्या आतल्या खिळ्याला एकावर एक टांगलेली आहेत. तीन रंगांच्या पट्ट्या, तीन वयांतले फोटो. सगळ्यात खालच्यात मिशी कोवळी आहे, सगळ्यात वरच्यात पिकलेली.

जमिनीवरून बघणाऱ्याला विमान कंपनी बंद पडताना फार हळू दिसते. आधी एखादी वेळ चुकते. रोज सव्वासातला, दिवा लावायच्या सुमाराला येणारी शेपूट येत नाही. उद्या येईल म्हणून आपण सोडून देतो. मग आठवड्यात दोनदा येते. मग कळतं की बरेच दिवस झाले, दिसली नाही. वर्तमानपत्रात बातमी येते तोवर आकाशाला ती माहीत झालेली असते. ईस्ट-वेस्टचे थकीयुद्दीन वाहिद यांना नोव्हेंबर १९९५ मध्ये वांद्र्यात गोळ्या घातल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ती कंपनी जमिनीवर आली. दमानिया विकली गेली, मग नव्या नावानेही टिकली नाही. मोदीलुफ्त १९९६ मध्ये थांबली. पाच वर्षांत वहीतले बहुतेक रकाने संपले. दादाने कुठल्याही नावावर काट मारली नाही. नावाशेजारी पेन्सिलीने एक लहान वर्तुळ काढून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला. म्हणाला, "परत आली तर जागा नको?"

मग पांढऱ्या शेपटीची विमानं दिसू लागली. विमानं बहुतेक भाड्याची असतात. कंपनी बुडाली की मालक ती परत नेतो आणि नेण्याआधी अंगावरची खूण पुसून वर पांढरा रंग देतो. खालच्या कोनातून ऊन पडलं की पांढऱ्याखाली जुनी अक्षरं उमटलेली दिसायची. दुकानाची पाटी काढली की भिंतीवर तेवढाच भाग स्वच्छ राहतो आणि पाटी नसूनही वाचता येते, तसं काहीसं. दादा ते विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचा.

खूप नंतर मला याचा हिशेब लागला. विमानं भाड्याची, काउंटर भाड्याचं, इंधन उधारीवर. मग अशा कंपनीचं स्वतःचं काय असतं? नाव आणि रंग. म्हणून बँका नावावरही कर्ज देतात. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. तिचं नाव आणि तिच्या खुणा तारण ठेवलेल्या होत्या. कधीकाळी त्या नावाची किंमत चार हजार कोटींच्या वर लावली गेली होती. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी त्या नावाचा लिलाव ठेवला, राखीव किंमत तीनशे सहासष्ट कोटींच्या वर. कुणीही बोली लावली नाही. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस तरी बऱ्याच फसलेल्या लिलावांनंतर २०२१ मध्ये विकलं गेलं. इमारतीला गिऱ्हाईक मिळालं, नावाला मिळालं नाही. लाल शेपटीवरचा तो पक्षी आमच्या डोक्यावरून सात वर्षं उडाला होता. त्याची बोली लावायला कुणी पुढे येत नाही, ही बातमी वाचून मला अकारण वाईट वाटलं. अकारण अशासाठी, की त्या विमानात मी एकदाही बसलो नव्हतो.

या सगळ्या शेपट्यांशी माझं नातं असंच आहे. वीस वर्षं ओळख, आणि आत पाऊल नाही. मी पहिल्यांदा विमानात बसलो ते एअर डेक्कनच्या. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी, आणि तिच्या खुणेसाठी त्यांनी आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला होता. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चौकड्यांचा कोट घालून मुकाट्याने बघत उभा असलेला तो माणूस विमानतळाच्या फलकावर पाहिला आणि मला धीर आला. सीटचा नंबर नसायचा, एसटीसारखं जाऊन जागा धरायची. शेजारच्या आजींनी डब्यातून दशम्या काढल्या, एक मला दिली. खिडकीतून मी खाली बघत होतो आणि घाटकोपर शोधत होतो. सापडलं नाही. उड्डाण समुद्राकडून होतं, घाटकोपर पाठीमागे राहतं, हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्या दिवशी एवढं सुचण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

एअर डेक्कन पुढे किंगफिशरने घेतली. परदेशी जायचं तर देशात पाच वर्षं उडालेलं असावं लागे, असा तेव्हा नियम होता. डेक्कनची पाच वर्षं भरत आलेली होती. म्हणजे तिच्या विमानांइतकंच तिचं वयही विकत घेतलं गेलं. २००८ मध्ये ते नाव गेलं, किंगफिशर रेड आलं. सहाराही अशीच जेटने २००७ मध्ये घेतली आणि तिची जेटलाइट झाली. मोदीलुफ्तचं उलटं झालं. नाव गेलं, पण कागदावरची कंपनी हातोहात फिरत राहिली आणि तिच्यातूनच २००५ मध्ये स्पाइसजेट उभी राहिली. लाल शेपटीचं स्पाइसजेट डोक्यावरून जातं तेव्हा दादा अजूनही म्हणतो, "आत मोदीलुफ्त आहे." वहीत मोदीलुफ्तच्या वर्तुळात त्याने एक बारीक टिंब दिलेलं आहे.

एअर डेक्कनचं वर्तुळही एकदा भरलं. २३ डिसेंबर २०१७ ला तेच नाव परत उडालं, लहान विमानात, उडान योजनेखाली, आणि पहिला मार्ग मुंबई-जळगाव. माझी एक मावशी जळगावला असते. तिने फोन केला तेव्हा तिच्या आवाजात नव्या सुनेचं कौतुक सांगावं तसा सूर होता. गावातले लोक विमानतळाकडे बघायला गेले होते म्हणे. अठरा-एकोणीस माणसांचं ते विमान, पण मावशीच्या तोंडी "आमचं विमान" असा शब्द होता. "ये ना एकदा, भरीत करते, संध्याकाळी परत जा," ती म्हणायची. मी रेल्वेनेच जात राहिलो. तिकीट काढू म्हणता म्हणता २०२० उजाडलं, आणि त्या एप्रिलमध्ये ते नाव दुसऱ्यांदा थांबलं. मावशी आता त्याचा विषय काढत नाही. मला मात्र ते न काढलेलं तिकीट सलतं.

१७ एप्रिल २०१९ ची रात्र मला तपशिलाने आठवते. जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला येणार होतं. ५ मे १९९३ ला सुरू झालेली कंपनी, सव्वीस वर्षांना अठरा दिवस कमी. निळ्या शेपटीवर सोनेरी सूर्य. आमच्या वहीतली सगळ्यात लांब रांग तिचीच होती. दादाचा फोन आला, गच्चीवर ये. आता चाळ नाही, सात मजल्यांची बिल्डिंग आहे. टाक्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसलो. साडेदहाच्या सुमारास विमान तिकडून निघालं असं दादाच्या मोबाइलवर कोणीतरी कळवलं. बारा वाजून गेले. दर दोन-तीन मिनिटांनी एक दिवा पूर्वेच्या अंधारातून फुटायचा, मोठा व्हायचा, आवाज होऊन डोक्यावरून जायचा. काळोखात शेपूट दिसत नाही. दिवे सगळ्यांचे सारखे, लाल, हिरवा, पांढरा. इतक्या वर्षांची ओळख असून आम्हाला त्यातलं तिचं विमान कुठलं ते सांगता आलं नाही. दादाने अंदाजाने एकाकडे बघून हात जोडले. मग पुढचं आलं तेव्हा पुन्हा जोडले, हेही असू शकेल म्हणून.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रांत अंधेरीच्या सहार रोडवरच्या सिरोया सेंटरबाहेर, जेटच्या मुख्यालयाबाहेर, तिचे कर्मचारी उभे होते. गणवेशात. मी त्या चेहऱ्यांत उपनगरं बघत होतो. हा मुलुंडचा असेल, ही बोरिवलीची असेल. यांच्या गल्लीच्या तोंडाशी उद्या पहाटे गाडी दिवे मिचकावणार नाही. कर्ज किती, देणी किती याचे आकडे पुढे महिनोन्‌महिने येत राहिले. न मिचकावलेल्या दिव्यांचा हिशेब कुठल्या ताळेबंदात धरायचा, मला माहीत नाही.

वर्षभरात सगळंच थांबलं. २५ मार्च ते २५ मे २०२०, दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणं बंद. घाटकोपरवर अशी शांतता पसरली होती की बुलबुल कुठल्या झाडावर आहे ते ऐकून सांगता येई. आमची वाक्यं पहिल्यांदाच अखंड झाली. पण आई "आमटीत मीठ" म्हणून तरीही थांबायची. वर काही नसताना आम्ही सगळे थांबायचो, आणि मग ती पुढचं बोलायची.

जेट परत येणार अशी बातमी २०२१ पासून होती. जालान-कालरॉक गटाची योजना मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मंजूर केली. ५ मे २०२२ ला, पहिल्या उड्डाणाच्या बरोबर एकोणतिसाव्या वाढदिवशी, हैदराबादला चाचणीचं उड्डाण झालं. तोच निळा, तोच सूर्य. दादा तेव्हा बावन्नचा. त्याची स्वतःची एकही कंपनी परत आली नव्हती, जेटशी त्याचा कामाचा संबंध कधीच नव्हता. तरीही त्या आठवड्यात त्याने स्टेशनजवळच्या दुकानातून नवा बायोडेटा टाइप करून आणला. दोन पांढरे शर्ट कडक इस्त्रीला दिले. वहिनी मला हळूच म्हणाली, "भावजी, तुम्ही काही बोलू नका हं. जाऊ दे त्यांना असंच चार दिवस." मे महिन्यातच जेटला उड्डाणाचा परवाना पुन्हा मिळाला. विमान मात्र प्रवासी घेऊन कधी निघालं नाही. शर्ट हँगरला राहिले आणि एका लग्नात वापरले गेले.

नावं परत आणण्याची माणसांची ही ओढ मला परकी वाटत नाही. अमेरिकेतली पॅन अ‍ॅम १९९१ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून कोणी ना कोणी ते नाव पुन्हा उडवून बघत आहे. आपल्याकडे याहून जवळचं एक उदाहरण आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पस मॉथमधून जुहूला उतरले. बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तेच उड्डाण त्यांनी पुन्हा केलं. कराची ते जुहू, जुन्या पद्धतीच्या लेपर्ड मॉथमधून. एअर इंडिया ही त्यांची कंपनी तोवर सरकारची होऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती आणि तिच्या अध्यक्षपदावरूनही ते १९७८ मध्ये गेले होते. त्या उड्डाणातून त्यांना विकायचं काही नव्हतं, परत मिळवायचंही नव्हतं. ती कंपनी टाटांकडे परत आली २७ जानेवारी २०२२ ला, जे. आर. डी. जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर. नाव परत आणण्याच्या सगळ्या प्रकारांत मला तो म्हातारा वैमानिक सगळ्यात खरा वाटतो. त्याने नावाला हात लावला नाही. ज्या वाटेने पहिल्यांदा आला होता त्या वाटेने तो पुन्हा एकदा आला.

नोव्हेंबर २०२४ चा एक आठवडा मात्र फार जड गेला. सात तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढण्याचा आदेश दिला. आता कुणी योजना आणणार नाही, ज्या वस्तू उरल्या त्या विकायच्या. चारच दिवसांनी, अकरा तारखेला, विस्तारा शेवटची उडाली आणि बारा तारखेला एअर इंडियात मिळाली. विस्तारा बुडाली नव्हती. चांगली चालणारी, लोकांना आवडणारी कंपनी, वांगी रंगाच्या शेपटीवर सोनेरी चांदणी. दहा वर्षं पुरी व्हायला दोन महिने राहिले होते. तिच्या उड्डाणांचे जुने नंबर मात्र पुसले नाहीत, त्यांच्या आधी एक दोनचा आकडा लावला. एअर इंडियाच्या नंबरांत चार आकडी, दोनपासून सुरू होणारा दिसला तर ते मूळचं विस्ताराचं. दादाने मला हे सांगितलं तेव्हा तो आनंदात होता. अगदी वहीच्या दिवसांतल्यासारखा. "नाव गेलं तरी नंबरात आहे," तो म्हणाला. शेपट्या एका रात्रीत रंगवून होत नाहीत, त्यामुळे वांगी रंगही पुढे बराच काळ डोक्यावरून जात राहिला.

त्याच दिवाळीत वहिनीने माळा आवरायला काढला होता. बोहारणी आमच्याकडे अजून येतात, स्टीलच्या भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन. माळ्यावरच्या ट्रंकेत दादाचे जुने गणवेश होते, तिन्ही कंपन्यांचे. परत करायचे होते, पण परत घ्यायला कुणी उरलं नव्हतं. वहिनीने ते खाली काढले, उन्हात टाकले, आणि बोहारीण यायच्या आधी दुपारभर बसून जुन्या ब्लेडने खिशावरची भरतकामाची चिन्हं एक एक टाका कापून सोडवली. मी तेव्हा तिथे होतो. काही बोललो नाही. कापड निघून जावं, पण खूण रस्त्यावर फिरू नये, असं तिला वाटलं असावं. बोहारणीने कोट उलटेसुलटे करून पाहिले, खिशाजवळ ताज्या निघालेल्या टाक्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवला. घासाघीस न करता तिने एक मोठं पातेलं दिलं. चिन्हं वहिनीने बटणांच्या डब्यात ठेवली, सुटी बटणं, हुक, रिळं यांच्यात. दादाला माहीत आहे. त्याने डबा उघडून पाहिला की नाही, मी विचारलेलं नाही.

दादा आता सहारला एका मालगोदामात हिशेबाचं काम बघतो. दुपारची शिफ्ट असली की घाटकोपरहून मेट्रोने एअरपोर्ट रोड स्टेशनला उतरतो. त्या डिसेंबरात एकदा मलाही अंधेरीला जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. घाटकोपरचा मेट्रोचा फलाट उंचावर आहे. तिथे उभं राहिलं की विमानं आणखी हातभर खाली आल्यासारखी वाटतात. गर्दी नेहमीची, मुलं कानात बोंडं घालून, बायका डब्यांच्या पिशव्या सांभाळत. वर्सोव्याची गाडी यायला तीन मिनिटं होती.

"मी काय म्हणत होतो," दादा म्हणाला, "ते डब्यातलं" आणि थांबला.

पूर्वेकडून आवाज भरत आला. फलाटावरचे सगळेच क्षणभर गप्प झाले, फोनवर बोलणारेसुद्धा. मी वर पाहिलं. ऊन तिरपं होतं, पोट चकाकलं, मग पंख, मग वांगी रंग आणि त्यावरची चांदणी.

"विस्तारा," दादा पुटपुटला.

विमान असल्फ्याच्या डोंगराकडे उतरत गेलं. गाडी फलाटाला लागली, दारं उघडली, मागचे लोक आम्हाला ढकलत आत घेऊन गेले. दादाला खिडकीजवळ उभं राहायला जागा मिळाली. जागृतीनगर गेलं, असल्फा गेलं. मी त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होतो, आणि तो काचेतून वर बघत होता.